ज्या चंद्राचे पंचांग होत नाही

भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील गोलाध्यायात पितरांच्या दिवसाचा हिशेब येतो. पितर चंद्राच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला राहतात. अमावास्येला सूर्य त्यांच्या डोक्यावर येतो, म्हणून ती त्यांची दुपार. पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. आपला एक चांद्रमास तो त्यांचा एक दिवस. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी यातली भूमिती चोख आहे. चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असेल, तरच हा हिशेब जुळतो. चंद्र स्वतःभोवती वेगळ्या गतीने फिरत असता, तर पितरांची दुपार दर अमावास्येला आली नसती.

हा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ.स. ११५० चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, असे भास्कराचार्य स्वतः सांगतात. ते गाव नेमके कोणते यावर वाद आहेत. पण खानदेशाची बाजू भक्कम करणारा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण इथे, आजच्या पाटणादेवीला, दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे १२०७ चा शिलालेख सांगतो. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील लोकांना कळावा म्हणून पुढच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. थोडक्यात, ग्रहगणिताच्या अध्यापनासाठी खानदेशात आठशे वर्षांपूर्वी रीतसर तरतूद झाली होती.

त्या गणिताला ठाऊक असलेला चंद्र एकच होता. २०२५ मध्ये एकट्या शनीचे मान्यताप्राप्त उपग्रह २७४ झाले. त्यांतले बहुतेक लहान, वेडेवाकडे, काही किलोमीटरचे दगड किंवा बर्फाचे गोळे. यांपैकी कोणाकोणावर 'पितरांचा दिवस' मोजता येईल? कोण शिस्तीत फिरतो, कोण बेशिस्त, आणि का? गेल्या चार दशकांत या प्रश्नाची जी उत्तरे मिळाली, त्यांचा हा आढावा.

शिस्त लागते कशी

ग्रह आपल्या उपग्रहाला सगळीकडून सारखा ओढत नाही. जवळच्या बाजूवर ओढ जास्त, पलीकडच्या बाजूवर कमी. या फरकामुळे उपग्रहाला दोन्हीकडे किंचित फुगवटा येतो. उपग्रह वेगाने फिरत असेल तर हा फुगवटा ग्रहाच्या रेषेच्या पुढे सरकतो आणि ग्रहाची ओढ त्याला मागे खेचत राहते. आतल्या घर्षणात फिरण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. परिवलन मंदावत जाते आणि शेवटी एका प्रदक्षिणेला स्वतःभोवती नेमकी एक फेरी, या स्थितीत स्थिरावते. याला समकालिक परिवलन म्हणतात. आपला चंद्र, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीचा टायटन, मंगळाचे फोबोस आणि डिमोस, सगळे असेच बांधलेले आहेत.

याला लागणारा काळ मात्र अंतरावर भयंकर अवलंबून असतो. बाकी सगळे सारखे ठेवून अंतर दुप्पट केले, तर काळ ६४ पट होतो. म्हणून ग्रहालगतचे उपग्रह लवकर जखडले जातात, आणि फार दूरच्यांना सूर्यमालेचे साडेचार अब्ज वर्षांचे आयुष्यही पुरत नाही.

जखडलेला चंद्रसुद्धा अगदी निश्चल तोंड दाखवत नाही. त्याचे स्वतःभोवती फिरणे जवळपास एकसारखे असते, पण लंबगोल कक्षेमुळे पृथ्वीभोवतीची गती कधी जास्त, कधी कमी होते. दोन्हींतल्या तफावतीमुळे चंद्र आपल्याला डावी-उजवीकडे हलके डोलताना दिसतो. वर-खाली होणारे डोलणे धरून कालांतराने त्याचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग पाहता येतो. सरासरी गती आणि प्रत्यक्ष स्थान यांतली हीच तफावत आपल्या ज्योतिर्गणितात मंदफल म्हणून मोजली गेली. चंद्रासाठी ती सुमारे ५ अंशांपर्यंत धरत. तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसाची सरासरी गती पुरत नाही, त्या क्षणाची गती लागते, हे भास्कराचार्यांनी ग्रहगणितात स्पष्ट मांडले. ती तात्कालिक गती काढण्याची त्यांची रीत आजच्या कलन गणिताच्या फार जवळ जाते.

या सगळ्यामागे एक भरवसा आहे. चंद्राची गती बदलती असली तरी तो बदल पुन्हा पुन्हा तसाच येतो. संस्कार वाढवत गेले की गणित जुळत जाते. पंचांग उभे आहे ते याच भरवशावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न पडला तो असा, की हा भरवसा प्रत्येक चंद्राबद्दल धरता येतो का?

हायपेरियन

शनीचा हायपेरियन हा उपग्रह सप्टेंबर १८४८ मध्ये अमेरिकेत बाँड पितापुत्रांनी आणि इंग्लंडमध्ये विल्यम लॅसेलने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, वेगवेगळा शोधला. त्याची कक्षा एकदम नियमित. तो २१.३ दिवसांत शनीभोवती एक फेरी मारतो. त्याच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात टायटनच्या बरोबर चार होतात. या अनुनादामुळे त्याची कक्षा सुरक्षित राहते. पण त्यामुळेच ती गोल होऊ शकत नाही. टायटन तिला कायम ताणलेली ठेवतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ ने त्याची छायाचित्रे घेतली आणि हा चंद्र गोल नाहीच, हे दिसले. त्याची लांबी सुमारे ३६०, रुंदी २६६ आणि जाडी २०५ किलोमीटर. त्या काही आठवड्यांच्या छायाचित्रांवरून तो साधारण १३ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, असे वाटले. त्याचा अक्षही भलताच कललेला होता. जखडलेल्या उपग्रहाला शोभणारे हे लक्षण नव्हते.

१९८४ मध्ये जॅक विस्डम, स्टँटन पील आणि फ्रँस्वा मिन्यार या तिघांनी याचा उलगडा केला. लांबट उपग्रहाचा लांब अक्ष ग्रहाकडे वळवण्याचा प्रयत्न ग्रह सतत करतो. कक्षा लंबगोल असली की ग्रहाची दिशा कधी भराभर सरकते, कधी सावकाश. उपग्रह जवळपास गोल असेल, तर त्याला स्थिरावण्याच्या जागा एकमेकींपासून दूर असतात. एका प्रदक्षिणेत एक फेरी ही एक जागा, दोन प्रदक्षिणांत तीन फेऱ्या ही दुसरी. सूर्याभोवती फिरणारा बुध या दुसऱ्या जागेत अडकला आहे. पण आकार जितका वेडावाकडा आणि कक्षा जितकी लंबगोल, तितकी प्रत्येक जागेची हद्द रुंदावते. हायपेरियनच्या बाबतीत या हद्दी एकमेकींवर चढतात. मग उपग्रह कुठल्याच एका जागेचा राहत नाही. कधी वेग घेतो, कधी मंदावतो, आणि कोणत्या क्रमाने, हे ठरावीक नसते.

एवढ्यावर भागत नाही. अशा अवस्थेत अक्ष सरळ उभा राहणेही अस्थिर असते. थोडासा कल आला की तो वाढत जातो आणि उपग्रह तिन्ही दिशांनी गडगडू लागतो. हायपेरियनवर उभे राहिले तर सूर्य आज जिकडे उगवला तिकडेच पुढच्या खेपेला उगवेल, याची खात्री नाही. उत्तर ध्रुव कुठला, हेही कायमचे सांगता येणार नाही.

भाकीत झाले, पण पुरावा हवा होता. जेम्स क्लावेटर याने १९८७ मध्ये पृथ्वीवरील दुर्बिणींतून हायपेरियनची तेजस्विता रात्रीमागून रात्री मोजली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. उपग्रह नियमित फिरत असेल तर त्याचे कमी-जास्त होणारे तेज ठरावीक काळाने पुन्हा तसेच दिसायला हवे. हायपेरियनच्या मोजमापांवर कुठलाही एक काळ बसेना. नंतर कॅसिनी यानाने सप्टेंबर २००५ मध्ये जवळून पाहिले, तेव्हा हा चंद्र समकालिक गतीच्या ४.२ ते ४.५ पट वेगाने फिरत होता, म्हणजे फेरी सुमारे पाच दिवसांची. त्याच भेटीत त्याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी निघाली. पोकळ्यांनी भरलेले बर्फाचे हे शरीर आहे.

भाकिताची मुदत

बेशिस्त म्हणजे नियम मोडणे नव्हे. हायपेरियन न्यूटनच्या नियमांबाहेर तसूभरही जात नाही. या क्षणी तो कसा आहे हे अगदी अचूक माहीत असेल, तर पुढचे सगळे ठरलेलेच आहे. अडचण 'अगदी अचूक' या शब्दांत आहे. त्याच्या स्थितीच्या मापनातली चूक एक-दोन महिन्यांत अडीच-तीन पट होते, आणि त्यापुढच्या तेवढ्याच काळात पुन्हा तितक्याच पट. आज एका अंशाची चूक असेल, तर वर्षभराच्या आत ती वर्तुळभर पसरते. मग तो कोणत्याही दिशेला तोंड करून असू शकतो.

यावर उपाय म्हणून मापन शंभर पट अचूक केले तर? भाकिताची मुदत शंभर पट वाढत नाही. ती फक्त काही महिन्यांनी लांबते. आपल्या चंद्राच्या बाबतीत मोजमाप सुधारले की शतकानुशतकांचे गणित सुधारते. हायपेरियनसाठी तीच मेहनत केली तर हाती जेमतेम एखादा हंगाम लागतो. पंचांग न होण्याचा अर्थ एवढाच.

आणि हे न होणे फक्त परिवलनापुरते आहे. हायपेरियन आकाशात कुठे असेल, हे उत्तम सांगता येते. तो तिथे कोणते तोंड करून असेल, हे सांगता येत नाही. शनीच्याच प्रॉमिथियस आणि पँडोरा या छोट्या उपग्रहांची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांचे परिवलन जखडलेले आहे, पण कक्षा बेभरवशाच्या. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने पाहिले तेव्हा प्रॉमिथियस व्हॉयेजरच्या मोजमापांवरून काढलेल्या जागेपेक्षा सुमारे २० अंश मागे सापडला. दोघे एकमेकांना वेळोवेळी जे हिसके देतात, त्याने हे होते, असे २००३ मध्ये पीटर गोल्डराइक आणि निकोल रॅपापोर्ट यांनी दाखवले. म्हणजे एखादा चंद्र नियमित की अनियमित, असे मोघम विचारून चालत नाही. त्याची कोणती गती, आणि किती काळासाठी, हे विचारावे लागते.

अपवाद की टप्पा?

हायपेरियन हा सूर्यमालेतला एक विचित्र नमुना आहे, अशी समजूत झाली असती. पण १९८७ मध्ये विस्डमने तिला धक्का दिला. त्याने दाखवले की वेडावाकडा उपग्रह मंदावत समकालिक स्थितीत शिरतो, त्या उंबरठ्यावर बेभरवशाच्या गतीचा एक पट्टा असतोच. कक्षा जवळपास गोल असली तरी हा पट्टा पूर्ण नाहीसा होत नाही, फक्त अरुंद होतो. म्हणजे आज शांतपणे मंगळाकडे तोंड करून फिरणारे फोबोस आणि डिमोसही जखडले जाण्यापूर्वी काही काळ गडगडले असणार.

फोबोसकडे पाहताना हे खरे वाटत नाही. त्याची लांबी २६-२७ किलोमीटर, आकार ओबडधोबड, आणि तरी ७ तास ३९ मिनिटांच्या कक्षेत तो मंगळाला एकच बाजू दाखवतो. डोलतो तोही एखाद-दीड अंशाच्या आत. आपल्या मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने १ जुलै २०२० रोजी सुमारे ४,२०० किलोमीटरवरून त्याचे छायाचित्र घेतले, त्यात स्टिकनी हे प्रचंड विवर स्पष्ट दिसते. या शिस्तीच्या मागे एक गडगडीचा काळ होऊन गेला आहे आणि त्याची खूण पृष्ठभागावर राहिलेली नाही.

शनीच्या जॅनस आणि एपिमेथियसमध्ये मधली स्थिती दिसते. हे दोघे जवळपास एकाच कक्षेत असून दर चार वर्षांनी आतबाहेरच्या जागा बदलतात. दोघेही जखडलेले आहेत, पण एपिमेथियस जवळजवळ ६ अंशांनी डोलतो. आकार आणि कक्षा मिळून डोलणे किती वाढवू शकतात, याचा हा जिवंत नमुना. त्याला हायपेरियनइतकी लंबगोल कक्षा मिळाली असती, तर तोही गडगडू लागला असता.

दूरच्या उपग्रहांचा मामला वेगळा. शनीपासून सव्वा कोटी किलोमीटरहून दूर असलेला फीबी साडेपाचशे दिवसांत उलट्या दिशेने फेरी मारतो, पण स्वतःभोवती ९ तास १६ मिनिटांत फिरतो. गुरूच्या हिमालियाला पावणेआठ तास लागतात. कॅसिनीने शनीच्या अशा २५ उपग्रहांचे परिवलन मोजले, तेव्हा काळ साडेपाच तासांपासून ७६ तासांपर्यंत निघाले. हे बहुधा पकडून आणलेले चंद्र आहेत, आणि ग्रहाची ओढ त्यांच्यापर्यंत इतकी क्षीण पोचते की त्यांना जखडण्याचे काम सुरूही झालेले नाही. ते नियमित फिरतात, पण ही शिस्त त्यांना ग्रहाने लावलेली नाही. त्यांच्या वेगाला ग्रहाने हात लावलेला नाही, एवढेच.

नेपच्यूनच्या नेरेइडने हे चांगले शिकवले. त्याची कक्षा विलक्षण लंबगोल आहे, म्हणून तो बेभरवशाने गडगडत असावा, असा कयास नव्वदच्या दशकात मांडला गेला. पुढे प्रत्यक्ष मोजले तेव्हा तो सुमारे साडेअकरा तासांत ठरलेल्या चालीने फिरताना आढळला. इतक्या वेगाने फिरणाऱ्याला ग्रहाची क्षीण ओढ विचलित करू शकत नाही.

प्लुटोपाशी झालेला वाद

प्लुटो आणि शॅरन हे दोघे एकमेकांभोवती ६.४ दिवसांत फिरतात. त्यांच्या बाहेर स्टिक्स, निक्स, कर्बेरॉस आणि हायड्रा हे चार छोटे चंद्र आहेत. मध्ये एक नव्हे, दोन फिरती शरीरे, म्हणजे ओढीची दिशा सतत बदलती. जून २०१५ मध्ये मार्क शोवाल्टर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी हबलच्या निरीक्षणांवरून म्हटले की निक्स आणि हायड्रा बेभरवशाने गडगडत असावेत. महिन्याभरातच, १४ जुलैला, न्यू होरायझन्स यान तिथून गेले. हायड्रा सुमारे १० तासांत, निक्स पावणेदोन दिवसांहून थोड्या जास्त वेळात, स्टिक्स सव्वातीन आणि कर्बेरॉस सव्वापाच दिवसांत फिरत होता. त्यांच्या प्रदक्षिणांना मात्र २० ते ३८ दिवस लागतात. म्हणजे कोणीही जखडलेले नव्हते, आणि अक्ष जवळजवळ आडवे होते.

यातून कोण बरोबर ठरले? यानाच्या धावत्या भेटीत प्रत्येकाची फेरी नीट मोजता आली, म्हणजे त्या काळापुरती चाल सुरळीत होती. वेगाने फिरणाऱ्या हायड्राबद्दल गडगडीचा दावा आता धरता येत नाही. पण अक्ष इतके आडवे का, आणि दीर्घकाळात ते कसे सरकतात, हे थोड्या दिवसांच्या निरीक्षणातून ठरत नाही. हायपेरियनलाही व्हॉयेजरच्या आठवड्यांत १३ दिवसांची फेरी चिकटवली गेली होतीच.

मानेगावचा दगड

१८४३ मध्ये, म्हणजे हायपेरियन सापडण्याच्या पाच वर्षे आधी, खानदेशात मानेगाव इथे आकाशातून एक दगड पडला. हे गाव एदलाबादजवळचे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरच्या परिसरातले. तो डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारचा. या प्रकारचे दगड वेस्ता या लघुग्रहाशी जोडले जातात, आणि २०११-१२ मध्ये डॉन यानाने वेस्ताची जी तपासणी केली तिने हे नाते आणखी पक्के केले.

वेस्ताच्या भोवतालचे दगड पृथ्वीपर्यंत येतात कसे, याचे उत्तर विस्डमनेच हायपेरियनच्या आधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दिले होते. गुरूच्या एका फेरीत सूर्याभोवती तीन फेऱ्या मारणारी कक्षा लघुग्रहांच्या पट्ट्यात रिकामी आहे. या जागेत शिरलेल्या दगडाची कक्षा बराच काळ साधी राहते, मग अचानक लांबट होऊन मंगळाच्या, पुढे पृथ्वीच्या वाटेत येते. मानेगावचा दगड नेमका याच वाटेने आला, असे छातीठोक सांगता येणार नाही. पण पट्ट्यातून पृथ्वीकडे येणाऱ्या मुख्य वाटांपैकी ही एक आहे. हायपेरियनला गडगडवणारे अनुनादांचे गणितच इथे दगडाचा मार्ग बदलते.

पुढे काय पाहायचे

या क्षेत्रात आता प्रयोगही झाला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे दीडशे मीटरच्या चंद्रावर मुद्दाम आदळवले. डिडिमॉस या लघुग्रहाभोवती त्याला ११ तास ५५ मिनिटे लागत, ती फेरी अर्ध्या तासाहून थोडी जास्त कमी झाली. धडकेआधी तो जखडलेला असावा. धडकेने आकार आणि कक्षा दोन्ही बदलले, त्यामुळे तो गडगडू लागला असण्याची शक्यता गणितातून पुढे आली. युरोपचे हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून २०२६ च्या अखेरीस तिथे पोहोचणे अपेक्षित आहे.

आढाव्याअंती तीन प्रश्न हाती राहतात. चंद्राचा आकार किती वेडावाकडा आहे? कक्षा किती लंबगोल आहे आणि तिला गोल होऊ न देणारा कोणी शेजारी आहे का? आणि ग्रहाच्या ओढीला काम करायला किती काळ मिळाला? शिस्त आणि बेशिस्त या चंद्राच्या जाती नाहीत, त्याच्या आयुष्यातल्या पायऱ्या आहेत. फीबी पहिल्या पायरीवर आहे, फोबोस शेवटच्या, आणि हायपेरियनला टायटनने मधल्या पायरीवर अडवून धरले आहे.

हायपेरियनची नोंद मोठ्या वेधशाळांतून क्वचितच सलग ठेवली जाते, कारण महिनोन्महिने रोज थोडा वेळ कोणी देत नाही. हे काम हौशी निरीक्षकांच्या आवाक्यातले आहे. तो चौदाव्या प्रतीचा, शनीपासून जास्तीत जास्त सुमारे चार कलांवर जातो. मध्यम आकाराची चांगली दुर्बीण आणि तिला जोडलेला डिजिटल कॅमेरा एवढे भांडवल पुरते. २०२६ पासून २०३१ पर्यंत शनीची प्रतियुती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येते, म्हणजे नेमकी पाऊस ओसरल्यावर. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो इथल्या स्वच्छ आकाशाच्या जोरावरच, आणि सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे, रात्रीचा अंधार अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या एखाद्या गटाने एका हंगामात रोज एक मोजमाप घेतले आणि इतर रेखांशांवरच्या निरीक्षकांशी ते जोडले, तर हायपेरियनच्या आजच्या चालीचा एक पूर्ण आलेख तयार होईल. तो पुढच्या वर्षी उपयोगी पडणार नाही. म्हणूनच तो दर वर्षी नव्याने काढावा लागेल.